फोटो टाकलात, आता भावही टाका

तुमच्या फोनमध्ये असा एखादा ग्रुप असेलच. स्वयंपाकाचा, गच्चीवरच्या बागेचा, जुन्या शाळेचा, नाहीतर एखाद्या मालिकेवरून जमलेला. त्यातल्या निम्म्या मंडळींना तुम्ही कधी भेटलेलाही नाहीत. तरी कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या नातवाला कुठं ॲडमिशन मिळाली, सगळं ठाऊक असतं. पैशाचा विषय मात्र तिथं निघत नाही. नव्या मिक्सरचा फोटो येतो, खाली अंगठे आणि टाळ्या पडतात. केवढ्याला पडला, रोख घेतला की हप्त्यांवर, हे कुणी विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. माझी विनंती एवढीच, की सांगा.

पगार सांगू नका. शिल्लक, कर्ज, मुलाचं पॅकेज हेही घरातच राहू द्या. पण भावात लपवण्यासारखं काय आहे? भाजी घेऊन येणाऱ्या शेजारणीला आपल्या आया-आज्या जिन्यातच विचारायच्या, "कशी दिली गं मेथी?" आता भाजी ॲपवरून दारात येते आणि जिन्यात कुणी भेटत नाही. मग तो प्रश्न ग्रुपवर विचारायला हवा.

विचारलात की गमती कळतात. एकच तूरडाळ एकीला सुट्टी स्वस्त पडते, दुसरी तीच पाकिटातून महाग घेते. तिसरीनं डाळ स्वस्तच घेतलेली असते, पण डिलिव्हरी फुकट मिळावी म्हणून नको असलेली दोन बिस्किटांची पाकिटंही मागवलेली असतात. पाकिटावर छापील किमतीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा भावही दिलेला असतो, बारीक अक्षरात. तो वाचायची सवय लावा आणि ग्रुपवर लिहिताना तोच लिहा. 'मोठं पाकीट ऑफरमध्ये मिळालं' यातून कुणाला काहीच कळत नाही. (न्यू जर्सीतली मैत्रीण भेंडीचा भाव डॉलरमध्ये सांगेल. त्याचे रुपये करून हळहळू नका, तिचा पगारही डॉलरमध्येच येतो.)

विजेच्या बिलाचंही तसंच. "बिल खूप आलं" यावर चर्चा होत नाही, सांत्वन होतं. युनिट किती झाले ते विचारा. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंतचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा बराच चढा. उन्हाळ्यात बिल का उडी मारतं ते तिथं दिसतं. एसी किती तास चालतो, गिझर कोण चालू ठेवून विसरतो, असल्या गप्पांतून जे हाती लागतं ते बचतीवरच्या व्याख्यानातून लागत नाही.

आता स्वतःच्या हिशेबाकडे या. नोटा मोडताना हाताला कळायचं. यूपीआयनं ते कळणं गेलं. रविवारी दहा मिनिटं काढून आठवड्याचे व्यवहार उघडा आणि चार खाती पाडा: किराणा-भाजी, प्रवास, बाहेरचं खाणं, आणि 'कशाचे ते आठवत नाही'. पहिल्या महिन्यात चौथं खातंच सगळ्यात जाड निघालं तर दचकू नका. ऑफिसमधून निघताना रोज चहा-वडापाव ४० रुपये धरला तर २५ दिवसांचे १,००० होतात. वडापाव सोडा असं मी सांगणार नाही. १,००० लिहून ठेवा, मग पुढच्या महिन्यात काय करायचं ते तुमचं तुम्हीच ठरवाल. आणि ऑटोपेची यादी एकदा तपासा. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी असा नियम आहे. ती येते, आपणच वाचत नाही.

खरं बजेट मोडतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी. एप्रिल-मेमध्ये धान्य आणि मसाला भरायचा, जूनमध्ये फी, दप्तर, रेनकोट, मग गणपती, दिवाळी, आणि मध्येच विम्याचा हप्ता. हे सगळं दरवर्षी येतं, तरी दरवर्षी आपण "या महिन्यात जरा ओढाताण आहे" म्हणतो. समजा धान्य-मसाला ९,०००, शाळा १८,०००, दिवाळी १५,००० आणि विमा १२,०००. एकूण ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. पगार झाला की ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका, आवर्तक ठेव काढलीत तर उत्तमच. ४,५०० जमत नसतील तर दिवाळीचा आकडा आत्ताच खाली आणा. ऑक्टोबरात, दुकानात उभं राहून, तो खाली येत नाही.

ग्रुपवर काय चालू द्यायचं नाही, तेही सांगायला हवं. शेअरची टिप देणारा कितीही गोड बोलो, सेबीकडे त्याची नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर बघा. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली असली तरी. "तातडीनं २० हजार पाठव, उद्या देते" असा मेसेज आला तर आधी फोन लावा आणि आवाज ऐका. फोन उचलला जात नसेल तर थांबा. खरी मैत्रीण रागावणार नाही. आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

ॲडमिन मंडळींना एक वेगळी विनंती आहे. वाढदिवस, निरोपसमारंभ, सहल, निमित्त काहीही असो, ग्रुपवर वर्गणीची यादी फिरते: नाव, पुढे ५००, त्यापुढे हिरवी खूण. खूण नसलेलं नाव सगळ्यांना दिसत राहतं. ज्या घरात त्या महिन्यात ५०० निघत नाहीत, तिथली बाई "मी विसरलेच" म्हणते, उसने घेऊन भरते, नाहीतर काही दिवसांनी गुपचूप ग्रुप सोडते. आपण म्हणतो, हल्ली फार शिष्ट झाली. तेव्हा वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि रक्कम ज्याची त्याला ठरवू द्या. पैसे एकाच व्यक्तीकडे खासगीत येऊ द्या. ग्रुपवर फक्त एकूण जमा, झालेला खर्च आणि पावतीचा फोटो टाका. कुणी किती दिले आणि कुणी दिलेच नाहीत, ते पैसे गोळा करणाऱ्यापाशीच राहू द्या.