हिशेब दोघांचा, भार तिघांचा

जितके दुवे अधिक तितके जाळे भक्कम, ही समजूत आपल्या मनात इतकी रुजली आहे, की ती तपासून पाहावी असे कुणाला वाटत नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वीजवाहिनी बंद पडली आणि अवघी उत्तर ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रीड गेल्या. सुमारे ६० कोटी वस्तीचा मुलूख विजेला मुकला. एका वाहिनीने एवढा अनर्थ कसा केला?

गंमत म्हणजे ती वाहिनी तुटलीच नव्हती. तिच्या जोडीची वाहिनी सुधारणेच्या कामासाठी बंद होती, उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. सारा भार हिच्यावर आला आणि संरक्षक रिलेने तो बिघाड समजून तिला बंद केले. म्हणजे बिना आणि ग्वाल्हेर यांची जोडणी त्या दोघांच्या हाती नव्हतीच; ती भलत्याच ठिकाणी ठरत होती.

हंगेरीचे गणिती पॉल एर्डॉश व आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५९-६० मध्ये जाळ्यांचे गणित मांडले. प्रत्येक बिंदूमागे सरासरी एकाहून अधिक दुवे झाले, की विखुरलेल्या तुकड्यांतून एक महाकाय तुकडा उभा राहतो आणि दुव्यांबरोबर वाढत जातो. पण हा हिशेब दोघादोघांचा. दुव्याचे जगणे तिसऱ्या बिंदूवर अवलंबून असेल तर? जिनेस्त्रा बियान्कोनी व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की अशा जाळ्याची जोडणी स्थिर राहीलच असे नाही. ती आलटूनपालटून वाढते, घटते. कधी तर तिच्या चढउतारांचा अंदाजही बांधता येत नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण ग्रीड जोडली गेली आणि सारा देश एका जाळ्यात आला. ते योग्यच झाले. तुटवड्याच्या प्रदेशाला दूरची वीज मिळू लागली. मात्र नव्या वाहिन्यांचे किलोमीटर कौतुकाने मोजले जातात, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायला हवा. ही वाहिनी बंद ठेवली तर तिचा भार कोण उचलणार, आणि तो उचलणारा त्याच दिवशी आधीच वाकलेला असेल तर? याचे उत्तर हाती नसताना जोडलेली प्रत्येक वाहिनी संकटालाही नवी वाट करून देते.