आवडी अनेक, रकाना एक

दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज घराघरांत येऊन पोचतो. २०२५ पासून ही प्रवेशप्रक्रिया साऱ्या राज्यासाठी एकच आणि ऑनलाईन झाली. महाविद्यालयांना दहापर्यंत पसंती देता येते; प्रवेश मात्र अखेर एकाच शाखेत व्हायचा असतो. कला, वाणिज्य की विज्ञान, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने काही दिवसांत द्यावे अशी अपेक्षा असते. ज्याची आवड एकाच दिशेने धावते त्याची यात अडचण होत नाही. ज्याचे मन दोन-तीन ठिकाणी सारखेच रमते, त्याला मात्र आपल्याच आवडी एकमेकींच्या वैरिणी वाटू लागतात.

सिंदी (मेघे) येथे हा पेच अधिक ठळकपणे दिसावा यात नवल नाही. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे वेगळी. ही सिंदी वर्धा शहराला लागून असलेली, २०११ च्या जनगणनेत नगर म्हणून नोंदली गेलेली वस्ती. येथून पंधरा किलोमीटरच्या परिघात काय नाही? १९६९ मध्ये सुरू झालेले सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला दुसरे आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेले हिंदी विश्वविद्यालय आहे. पवनारला विनोबांचा आश्रम, सेवाग्रामला गांधींची कुटी आणि वर्ध्यात ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय आहे. वैद्यक, यंत्र, भाषा आणि हस्तोद्योग यांचा असा शेजार महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना लाभला असेल. या परिसरात वाढणाऱ्या मुलीला जीवशास्त्रही आवडले आणि मराठी कविताही आवडली, तर ते तिच्या स्वभावाचे चंचलपण म्हणायचे की परिसराचे देणे?

घरात मात्र त्याला बहुधा 'धरसोड' म्हटले जाते. हा शब्द जपून वापरायला हवा. धरलेले काम अर्धवट टाकणे ही धरसोड. दोन कामे मनापासून धरणे ही नव्हे. पंधराव्या वर्षी आवडी अनेक असणे हे त्या वयाचे लक्षणच आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे सर्वांना समान, सामान्य शिक्षण असावे आणि वाटा त्यानंतर फुटाव्यात असे सुचविले, त्यामागे हीच जाण होती. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. वाटा फुटायच्या त्या दहावीनंतर फुटू लागल्या, पण त्या एकमेकींना पुन्हा कोठे मिळतात याचा नकाशा कोणी विद्यार्थ्यांच्या हाती दिला नाही.

नकाशा नसला की माणूस सुरक्षित वाट धरतो. 'विज्ञान घे, पुढे सगळे दरवाजे उघडे राहतात,' हा शिक्षकांचा आणि शेजाऱ्यांचा ठरलेला सल्ला असतो. तो खोटा नाही. बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी कला वा वाणिज्य शाखेच्या पदवीला जाऊ शकतो; कला शाखेतून बारावी झालेल्याला भौतिकशास्त्राची पदवी मिळवायची म्हटल्यास दार बंद असते. एकाच बाजूने उघडणाऱ्या दारापुढे उभ्या असलेल्या कारकुनाला किंवा शेतकऱ्याला 'मुलाला कलेकडे जाऊ द्या' असे सांगणे सोपे आहे. कर्जाचा हप्ता त्याला भरायचा असतो. तेव्हा पालकांच्या भित्रेपणावर कोरडे ओढण्यात अर्थ नाही.

पण या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही. दार उघडे राहते ते कागदावर. त्या दोन वर्षांत मूल काय करते ते पाहावे. २०२४ मध्ये नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. या गर्दीत शिरलेल्याचा दिवस चार पर्यायांतून एक उत्तर हुडकण्यात जातो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव, शिकणे शिकवणीवर्गात, असा व्यवहार इतका रूढ झाला की २०१८ मध्ये शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अकरावीत दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय आहे, आणि गुण हमखास म्हणून अनेक जण ती घेतात. म्हणजे ज्या मुलीला जीवशास्त्र आणि मराठी दोन्ही आवडत होते, तिचे मराठी सक्तीने नव्हे, सोयीने सुटते. दोन वर्षांनंतर कला शाखेचे दार उघडे असते खरे, पण त्या दारातून आत जाण्याची ओढ वाळून गेलेली असते.

या परिसराला आवडीच्या द्वंद्वाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. विनोबा भावे यांचे वडील नरहरपंत बडोद्याला होते. रंगांचे आणि कापडाचे रसायन हा त्यांचा विषय, आणि मुलाने आधुनिक शास्त्रे शिकावीत ही त्यांची इच्छा. आई भक्तिमार्गी. विनोबांना गणिताची गोडी होती आणि अध्यात्माचीही. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि काशीला गेला. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले, पुढे नालवाडीला राहिले, आणि सूतकताईच्या मजुरीवर माणसाचा निर्वाह कसा होतो याचा हिशेब त्यांनी तारांची मोजणी करून, स्वतःवर प्रयोग करून मांडला. गणित सुटले नव्हते. ते चरख्यावर येऊन बसले होते. 'गीताई' रचणारा हात आणि सुताचे तार मोजणारा हात एकच होता. अर्थात प्रमाणपत्रे जाळणाऱ्या विनोबांचे उदाहरण पालकांपुढे ठेवताना थोडा संकोच वाटावा हे योग्यच. ज्याच्या घरात दुसरा कमावता नाही त्या मुलाने वाटेत सुरतेला उतरू नये.

त्यापेक्षा बाबा आमट्यांचे उदाहरण सामान्य घराच्या अधिक जवळचे ठरेल. याच जिल्ह्यातील हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेले बाबा कायदा शिकले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, त्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. वकिलीने शिकवलेले वाया गेले, असे आनंदवन पाहून कोणी म्हणणार नाही. संस्था उभी करायला कायदा आणि व्यवहार लागतोच.

आज परीक्षांची आणि पदव्यांची तटबंदी पूर्वीपेक्षा उंच आहे, म्हणून असे वळण आता शक्य नाही, असा आक्षेप येईल. तो पूर्ण खरा नाही. नीटसाठी असलेली कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढण्यात आली. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे जाहीर केले की बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्याने ते पुढे अतिरिक्त विषय म्हणून पूर्ण केले तरी त्याला नीट देता येईल. एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४–२५ पासून मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेचे विषय घेण्याची तरतूद आली. दरवाजांच्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत. त्याची बातमी मात्र सिंदी मेघेतल्या ओसरीपर्यंत पोचलेली नाही. गणित घेतले की वैद्यक कायमचे गेले, या समजुतीपायी आजही मुले रात्रीची झोप घालवतात.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेण्यात आली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कोठे आहे हे सांगणारे प्रमाणपत्र मिळे. हेतू चांगला होता. परंतु कल म्हणजे कुवत नव्हे, आणि दोन क्षेत्रांकडे सारखाच कल असलेल्या मुलाला त्या कागदापाशी बसून पुढचे समजावणारे माणूस हवे होते. ते बहुतेक शाळांत नव्हते, म्हणून कागद फाईलीत गेला.

ते माणूस नववी-दहावीचा वर्गशिक्षक होऊ शकतो, आणि त्याला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आवडीची परीक्षा त्या विषयाच्या गोड भागावर घेऊ नये, कंटाळवाण्या भागावर घ्यावी. बेडकाचे हृदय पाहायला कोणालाही आवडेल. वनस्पतींच्या कुळांची नावे आणि लक्षणे पाठ करताना जो कुरकुरत का होईना पण उठत नाही, त्याची आवड टिकणारी. कवितासंग्रह वाचणे निराळे आणि व्याकरणाचे नियम तपासत बसणे निराळे. दोन आवडींपैकी जिचे नीरस काम मूल सहन करते ती पोटापाण्याची करावी. दुसरीसाठी आठवड्याचे काही तास राखून ठेवावेत आणि ते शिकवणीवर्गाला देऊ नयेत. वर्षभर वर्गात पाहणाऱ्या शिक्षकाला हा फरक कोणत्याही चाचणीपेक्षा लवकर कळतो. विषयांच्या गुणांखाली त्याने दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

उरलेली जबाबदारी कनिष्ठ महाविद्यालयांची आहे. विज्ञान शाखेत जीवशास्त्राऐवजी भूगोल घेता येतो, हे अनेक विद्यार्थ्यांना प्रवेश झाल्यावर कळते, आणि तेव्हा महाविद्यालय सांगते की आमच्याकडे त्याचा शिक्षक नाही किंवा वेळापत्रकात तास बसत नाही. नियमात असलेली निवड अशी वेळापत्रकात बुडते. प्रवेशाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाचे नाव, शाखा आणि मागील वर्षाची गुणमर्यादा छापली जाते. त्याच ओळीत तेथे कोणते विषय कोणत्या जोडीने प्रत्यक्ष शिकवले जातात आणि दुसरी भाषा शिकवायला शिक्षक आहे की नाही, हेही छापले जावे. वर्धा शहर आणि लगतच्या वस्त्यांतील महाविद्यालयांनी मनावर घेतले तर दोघांनी मिळून भूगोलाचा एक शिक्षक, तिघांनी मिळून मराठीचा एक तास ठरवणे अशक्य नाही. अंतरे सायकलची आहेत. येत्या जूनचा अर्ज उघडण्याआधी ही यादी तयार व्हायची असेल, तर मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी एकत्र बसण्याची वेळ दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची आहे.