शून्य टक्क्यांचं मागचं दार

दिवाळीत चाकूरला गेलो की काकांचा प्रश्न ठरलेला. "काय रं, तुज्या कम्प्युटरवर तरी वाढला का सोयाबीनचा भाव?" २०२४ च्या दिवाळीत मात्र हसू आलं नाही. हमीभाव ४,८९२ रुपये आणि लातूरच्या आडतीत सौदे त्याच्या बरेच खाली. गंमत म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सरकारने सप्टेंबरमध्येच रिफाइंड तेलावरचं आयात शुल्क उपकरांसकट ३५.७५ टक्क्यांवर नेलं होतं!

आता मागचं दार बघा. सार्क देशांचा 'साफ्टा' करार २००६ पासून लागू आहे. त्याखाली नेपाळचं तेल आपल्याकडे शून्य शुल्काने येतं. पण नेपाळात सोयाबीन पिकतं कितीसं? अर्जेंटिनाचं कच्चं तेल कोलकात्याला उतरतं, सीमेपलीकडे जातं, शुद्ध होतं आणि 'नेपाळी' होऊन परत येतं. शुल्क वाढल्यावर ही आवक एकदम फुगली. करारात अट आहे: किमान ३० टक्के मूल्यवर्धन नेपाळात व्हायला हवं. नुसत्या रिफायनिंगने एवढी भर कशी पडते, कुणी समजावून सांगेल का?

ऑफिसात हे बोललो की लगेच ऐकवतात, "अरे, मुक्त व्यापार म्हणजे स्पर्धा. तुझ्या काकांनी उत्पादन वाढवावं." कबूल. सोयाबीनचा भाव नुसत्या तेलावर नाही, पेंडीवरही ठरतो, हेही कबूल. पण काकांची स्पर्धा नेपाळी शेतकऱ्याशी आहेच कुठे? पासवर्ड न तपासता लॉगिन देणाऱ्या सिस्टीमला आपण 'ओपन' म्हणतो की भोक पडलेली?

अरब देशांनी १९९७ मध्ये असाच करार केला, २००५ पासून आपसातलं शुल्क शून्यावर आणलं. तरी त्यांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहिला. तिथे कागदपत्रं आणि कस्टम्सच्या अडचणींनी घरच्यांनाच अडवलं. इथे तिऱ्हाईत आत शिरला. धडा एकच: करार शून्याच्या आकड्यावर चालत नाही. माल नक्की कुठला, हे तपासण्यावर चालतो.

साफ्टा मोडा असं मी म्हणत नाही. नेपाळात पिकलेलं आलं, वेलची, चहा खुशाल यावं. पण आयातदाराकडे मालाच्या मूळ देशाचा पुरावा मागायचे नियम आपण २०२० मध्येच केलेत. ते तेलाच्या प्रत्येक टँकरला लावा, आणि तेलाला वर्षाचा कोटा ठरवा. तेवढं जमत नसेल, तर शेतकऱ्यासाठी शुल्क वाढवलं म्हणून पाठ तरी थोपटून घेऊ नका.

असो. काकांना मी 'साफ्टा' समजावून सांगितला. ते एवढंच म्हणाले, "म्हंजी पुढल्या दाराला कुलूप, अन् मागलं उघडंच की!"