भोगवटादार म्हणजे मालक नव्हे

कर्जत-नेरळच्या रस्त्यावर आणि खालापूर टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे प्लॉटचे फलक लागलेले असतात. जंगलाच्या कुशीत घर, सातबारा क्लिअर, ताबा लगेच. शनिवारी सकाळी गाडी थांबवणारा मुंबईकर दर विचारतो, पाण्याचं विचारतो. फलकावरच्या शब्दांना मात्र तो काहीच विचारत नाही.

जंगल हाच शब्द घ्या. चरक-सुश्रुतांच्या वैद्यकात जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा, कमी पाण्याचा प्रदेश. दाट झाडीचा, पाणथळ मुलूख तो आनूप. त्या हिशेबाने पावसाळ्यात धो धो कोसळणारा हा घाटपायथा जांगलच्या अगदी उलट ठरेल! पुढे नांगर न लागलेली जमीन ती जंगल, आणि मग झाडीची ती जंगल, असा अर्थ सरकत गेला. नांगर लागलेला नाही म्हणजे कुणाची नाही, हा समज शब्दासोबत चिकटून राहिला. डोंगरउतारावरच्या दळीत नाचणी-वरी काढणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना तो महागात पडला.

फॉरेस्टची गोष्ट आणखी बोलकी. लॅटिनमधल्या ‘बाहेरचं’ या अर्थाच्या शब्दावरून तो आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मध्ययुगीन युरोपात राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख तो फॉरेस्ट, मग तिथे झाड असो वा नुसतं माळरान. भारतात १८७८च्या कायद्याने राखीव वनांची पकड घट्ट केली. आज वाडीवरचा माणूस “फॉरेस्टने अडवलं” म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झाडं नसतात, खातं असतं. लॅटिन न शिकता त्याने शब्दाचा जुना अर्थ बरोबर पकडला आहे. वनहक्कांचा कायदा यायला २००६ साल उजाडलं.

कातकरी हे नाव कातावरून आलं. खैराचं लाकूड उकळून कात करणारे ते कातकरी. खैरतोडीवर निर्बंध आले, धंदा बसला, लोक कोळसा पाडण्याकडे आणि वीटभट्ट्यांकडे गेले. ‘हे मूळचेच भट्टीवरचे मजूर’ असं कुणी ठोकून दिलं, तर त्यांचं नावच त्याला खोटं पाडतं.

पण मूळ सापडलं म्हणजे सत्य सापडलं, असं नाही. घाटाच्या खाली म्हणून खालापूर, कर्ज काढून वसवलं म्हणून कर्जत, असल्या व्युत्पत्त्या कुणालाही सुचतील. मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतनेही कर्जच काढलं होतं का? उच्चार जुळला म्हणजे नातं जुळत नाही. जुना कागद लागतो. खालापूर तालुक्यातली रसायनी पाहा. १९६०मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती हे नाव रुजलं. आणखी दोनशे वर्षांनी शेजारच्या पाताळगंगेशी नातं जोडून कुणी रसायनी देवीची कथा रचली, तर तिला खोडून काढायला कंपनीचे कागद तरी शिल्लक हवेत.

आता पुन्हा त्या प्लॉटकडे. सातबारा हा शब्द दोन आकड्यांचा: गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमिनीवरच्या हक्कांची नोंद, बारामध्ये पिकांची. मूळ हेतू महसुलाचा. सातमध्ये ज्याचं नाव असतं त्याला ‘मालक’ म्हटलेलं नाही, ‘भोगवटादार’ म्हटलं आहे. भोग म्हणजे उपभोग, वहिवाट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे ती खोडता येते. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. तरीही ‘सातबारा नावावर आहे’ एवढ्यावर लाखोंचे व्यवहार होतात. हे निव्वळ भाबडेपण आहे, आणि त्यावर दलालांची घरं चालतात.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी उताऱ्यातला एकेक शब्द थांबून वाचा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलं आहे ते पाहा, जुने फेरफार मागा, आणि दलाल ‘क्लिअर’ म्हणाला की त्याला विचारा, म्हणजे नक्की काय?