तेलाची वाटी

कळंबला श्रीचिंतामणीचे प्रसिद्ध मंदिर आहे. म्हणून गावाला चिंता नाही, असे थोडेच आहे! कापसाची वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याला अवकाळी पावसाची आणि दुकानदाराला थकलेल्या उधारीची काळजी लागते. रात्री दोघांचीही मान व खांदे आखडलेले असतात. मनावरचा ताण स्नायूंत उतरतो आणि ताठरलेले स्नायू मग मनालाही स्वस्थ बसू देत नाहीत.

वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग नित्याचा सांगितला, मस्तक, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिला. आपण मात्र तो दिवाळीच्या पहाटेपुरता राखून ठेवला आहे. वास्तविक कोमट तिळतेल आणि दहा मिनिटे एवढेच पुरे. ताप वा अजीर्ण असताना मालिश टाळावी. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, तर ती मुळीच चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी.

तेलाची वाटी तशी घरोघरी फिरतेच. बाळाचे अंग, सासूबाईंचे गुडघे, परीक्षेला बसलेल्या मुलाचे डोके. वाटी धरणारे हात मात्र बहुधा एकाच स्त्रीचे असतात. तिच्या अंगाला दुसऱ्या कोणी शेवटचे तेल कधी लावले, असे विचारले तर ती बाळंतपणातील सव्वा महिना सांगेल. आणि तेही माहेरचा!

कोणाच्याही मदतीवाचून करता येण्याजोगा एक उपाय तिच्यापाशी आहे. नऊ वेळा णमोकार, प्रत्येकास तीन श्वासोच्छ्वास, असा सत्तावीस श्वासोच्छ्वासांचा कायोत्सर्ग ती सामायिकात करतेच. त्याचा हेतू देहावरील ममत्व सोडण्याचा. विश्रांती हे त्याचे आनुषंगिक फळ. अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या ग्रंथात एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत मांडली. तीही निजण्यापूर्वी करून पाहावी: प्रथम पावले, मग पोटऱ्या, मुठी, खांदे आणि शेवटी कपाळ.

परंतु तिला स्वतःपुरता उपाय आहे, म्हणून घरच्यांची सुटका होत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ पुष्कळ उरते. त्या वेळी पतीने वा मुलाने वाटी हाती घ्यावी. ती संकोचून म्हणेल, “राहू द्या, मला कुठे काय झालंय?” तरीही वाटी खाली ठेवू नये, तळपायांपासून आरंभ करावा.