बाद केलं ते केलंच!

आमचा पुतण्या न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे दोन महिने राहून आले, तेव्हा एका रविवारी त्याने आम्हाला बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. क्रिकेटवेड्या घरात आयुष्य गेल्यामुळे मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मग तोच एकेक गोष्टी सांगत बसला. बोलता बोलता म्हणाला, "काकू, एका सतरा वर्षांच्या मुलीने बेब रूथला बाद केलं होतं. पण तो स्टंट होता म्हणे."

त्या ‘म्हणे’पाशी माझं मन अडकलं. परत आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. जे हाती लागलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्या मैत्रिणींना नियम ठाऊक असतीलच. बाकीच्यांसाठी एवढंच : चेंडू टाकणारा तो पिचर. बॅटवाल्याने बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, किंवा मारता येण्याजोगा चेंडू त्याने नुसताच बघत सोडून दिला, की झाली एक ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाल्या की घरी. उलट पिचरनेच चार चेंडू भलतीकडे टाकले, तर बॅटवाला फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो.

तर गोष्ट २ एप्रिल १९३१ ची. टेनेसी राज्यातलं चॅटनूगा गाव. तिथला लुकआउट्स हा दुय्यम दर्जाच्या लीगमधला संघ आणि समोर साक्षात न्यूयॉर्क यँकीज. सामना खरं तर १ एप्रिलला व्हायचा होता, पण पावसाने एक दिवस पुढे गेला. (एप्रिल फूलचा मुहूर्त पावसाने टाळला, तरी लोकांनी काही तो विसरायचं नाव घेतलं नाही!) लुकआउट्सचे प्रमुख जो एंगल हे एक अचाट गृहस्थ. गर्दी खेचण्यासाठी काहीही करतील. त्याच वर्षी त्यांनी संघातला एक खेळाडू देऊन बदल्यात चक्क टर्की पक्षी घेतला होता. या एंगलसाहेबांनी जॅकी मिचेल नावाच्या मुलीशी करार केला.

जॅकी डावखुरी. लहानपणी मेम्फिसला राहत असताना डॅझी व्हॅन्स हा नामांकित पिचर त्यांचा शेजारी होता. बॅटपाशी आल्यावर अचानक खाली बुडणारा चेंडू कसा टाकायचा, ते तिला त्याने शिकवलं. वर्तमानपत्रांना मात्र तिच्या हातातल्या चेंडूपेक्षा पर्समधल्या लिपस्टिकचं कौतुक जास्त. न्यूयॉर्कच्या एका पेपराने तर ती लिपस्टिक कशी झकास चालवते, असंच लिहून टाकलं.

मैदानावर चार हजार माणसं. लुकआउट्सच्या पहिल्या पिचरला यँकीजच्या पहिल्या दोघांनीही फटके लगावले. तेव्हा मॅनेजरने त्याला बसवलं आणि जॅकीला बोलावलं. समोर बेब रूथ! म्हणजे आपल्याकडे गावच्या पोरीसमोर ऐन भरातला सचिन उभा राहावा, तसं. १९२७ च्या एका हंगामात साठ होमरन मारलेला हा माणूस. पहिला चेंडू बाहेर गेला. दुसऱ्यावर रूथने बॅट फिरवली, हुकला. तिसऱ्यावर पुन्हा फिरवली, पुन्हा हुकला. त्याने पंचांना चेंडू तपासायला लावला. चौथा चेंडू तो नुसता बघत राहिला आणि पंचांनी स्ट्राइक दिली. रूथ बॅट आपटून तणतणत निघून गेला.

मग आला लू गेरिग. तीन चेंडू, तीनदा बॅट, तीनदा हवा. संपला विषय.

सात चेंडूंत दोन दिग्गज! लोक कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते म्हणे. पुढच्या टोनी लझेरीला मात्र तिचे चार चेंडू बाहेर पडले आणि तो चालत पहिल्या बेसवर गेला. मॅनेजरने लगेच तिला बाहेर काढलं. सामना यँकीजने १४-४ असा जिंकला. जॅकीचा पराक्रम म्हणायचा तो एवढाच, चहाला आधण येईपर्यंतच्या वेळातला.

आणि तेव्हापासून आजतागायत एकच प्रश्न : खरंच की ठरवून?

शंका घ्यायला जागा आहे, हे मी नाकारत नाही. एंगलचा स्वभाव सांगितलाच. सामना सरावाचा, त्यात हार-जितीला मोल नाही. रूथही काही कमी नाटकी नव्हता. पण दुसरी बाजूही बघा ना. रूथ आणि गेरिग दोघेही डावखुरे. हात आडवा आणून टाकणाऱ्या डावखुऱ्या पिचरचा चेंडू डावखुऱ्या बॅटवाल्याला नीट दिसत नाही. तोही बुडणारा आणि कधी न पाहिलेल्या हातातून आलेला. अशा नवख्या पिचरसमोर पहिल्या फेरीत भलेभले गांगरतात. यँकीजच्याच लेफ्टी गोमेझचं म्हणणं होतं, की आमचे मॅनेजर जो मॅकार्थी इतके ईर्ष्येचे होते, की मुद्दाम बाद व्हा असं ते सांगणंच शक्य नाही. आणि माझी आपली एक साधी शंका : सगळं ठरवूनच होतं, तर लझेरीनेही बॅट फिरवून टाकली असती की. तिघांना बाद केलं म्हटल्यावर तमाशा आणखीनच रंगला असता. त्याला का नाही सांगितलं कुणी?

याच हंगामात रूथ आणि गेरिग दोघांनीही प्रत्येकी शेहेचाळीस होमरन मारले. अधूनमधून ते बादही झालेच असतील की इतर पिचरांकडून. त्या पिचरांना कुणी विचारायला गेलं नाही, की ‘काय हो, मुद्दाम बाद झाला का तो?’

भिशीला ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "मी कॅरममध्ये दिरांना हरवलं, तर सासूबाई म्हणाल्या, त्याने जिंकू दिलं तुला." सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, तिला बढती मिळाली तेव्हा ऑफिसात कुणीतरी पेढा तोंडात टाकता टाकताच विचारलं होतं, "साहेबांची ओळख होती का?" यावर मात्र कुणी हसलं नाही.

जॅकीच्या आधीही मुली होत्या बरं का. १८९८ च्या ५ जुलैला लिझी आर्लिंग्टन पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या संघाकडून व्यावसायिक सामन्यात शेवटचा डाव टाकायला उतरली. तिन्ही बेसवर माणसं उभी राहिली, पण एकालाही तिने घरी पोचू दिलं नाही. तरी बातम्यांचा सूर ‘बाईच्या मानाने बरी’ असाच. आणि मला सगळ्यात आवडलेली ती ओहायोची आल्टा वाइस. १९०७ मध्ये सतराव्या वर्षी ती पुरुषांच्या संघात उतरली. पहिल्या वर्षी लांब स्कर्ट नेसून चेंडू टाकायची! तिला बघायला क्लीव्हलँडहून खास गाड्या सोडाव्या लागल्या. वडील डॉक्टर. लेकीला हिवाळ्यात सराव करता यावा म्हणून त्यांनी घरच्या कोठाराला जोडून व्यायामशाळा बांधली, पुढे संघात भागीदारीही घेतली. बेसबॉलच्या कमाईतून आल्टाने मेडिकलची फी भरली आणि १९१४ मध्ये ती डॉक्टर झाली. वर्गात एकटी मुलगी. असा बाप मिळायला नशीब लागतं, हे आपल्याला काय वेगळं सांगायचं!

जॅकीला असा शेवट मिळाला नाही. बायका या खेळाला फार नाजूक आहेत, असं रूथने सांगितल्याचं पेपरांनी छापलं. बेसबॉलचे कमिशनर लँडिस यांनी तिचा करार रद्द केला असंही कित्येक वर्षं लिहिलं गेलं. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला, तर तसा हुकूमच कुठे सापडेना. म्हणजे हुकमाची गरजही पडली नसावी. लेखी बंदी आली ती १९५२ च्या जूनमध्ये, हॅरिसबर्गच्या संघाने एलेनर एंगल या स्टेनोग्राफर मुलीला घेतलं तेव्हा. तिला एकही चेंडू खेळू न देता.

जॅकी मग गावोगावी सामने करत हिंडणाऱ्या, लांब दाढ्या राखणाऱ्या ‘हाउस ऑफ डेव्हिड’ संघाबरोबर फिरली. खेळापेक्षा तमाशाच जास्त. १९३७ मध्ये तिने तो नाद सोडला आणि वडिलांच्या चष्म्याच्या दवाखान्यात कामाला लागली. १९४३ मध्ये बायकांची व्यावसायिक लीग निघाली, तिथून बोलावणं आलं, तर नाही म्हणाली. का, ते मला समजू शकतं. एकदा मन विटलं की विटलं.

१९८२ मध्ये त्याच लुकआउट्सने तिला हंगामाचा पहिला मानाचा चेंडू टाकायला बोलावलं. तोवर तिची सत्तरी जवळ आली होती. १९८७ च्या जानेवारीत ती गेली. ‘खरं सांगा, ठरवून होतं का?’ हे तिला शेवटपर्यंत लोक विचारत राहिले. तिचं उत्तर कधीच बदललं नाही. ते दोघं जीव तोडून मारायला बघत होते, आणि त्यांना जमलं नाही, असंच ती सांगायची.

पुतण्याला परवा फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काकू, पण पुरावा काय?" मी म्हटलं, "पंचांनी बोट वर केलं होतं ना? मग झालं."

तो हसला. बेसबॉलमध्ये पंच बोट वर करत नाहीत म्हणे, मूठ उगारतात. असेल!