पंपिंग किती, एवढं विचारून भागत नाही

परभणीत इकोचा कागद हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : पंपिंग किती? साठ म्हटलं की सगळे निवांत होतात. पस्तीस म्हटलं की कुणीतरी लगेच पुण्यातल्या नाहीतर हैदराबादच्या पाहुण्याला फोन लावतं. टू-डी इको आता इतकी रुळली आहे की हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या फिटनेसलाही ती लागते. हजार-दोन हजार रुपये, छातीवर थंड जेल, दहाएक मिनिटं आणि एका पानाचा अहवाल. त्या पानावर काय काय असायला हवं याचे निकष आहेत आणि ते भारतातच लिहिले गेले आहेत. ज्यांच्या छातीवर प्रोब फिरतो त्यांना मात्र याचा पत्ता नसतो.

इंडियन अकॅडमी ऑफ एकोकार्डिओग्राफी ही इको करणाऱ्या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना. तिचं स्वतःचं नियतकालिक आहे, अधिवेशनं भरतात, सभासदांना नवनव्या शिफारशी पोचतात. प्रौढांची इको कशी करावी आणि तिचा अहवाल कसा लिहावा, याचे निकष या संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केले. लेखकांच्या यादीत पहिलं नाव ठाण्याचे डॉ. नितीन बुरकुले यांचं आहे. मजकूर सभासदांसाठी, म्हणजे डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला. माझं म्हणणं असं की सभासदांच्या या बातम्या गंगाखेड, जिंतूर, पालमच्या पेशंटपर्यंत पोचल्या पाहिजेत, कारण त्यांचा खरा उपयोग त्यालाच आहे.

आधी पंपिंगचंच बघू. डॉक्टर ज्याला ईएफ म्हणतात तो हा आकडा. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते तो सांगतो. शंभर टक्के कुणाचंच नसतं. पुरुषांत ५२ आणि बायकांत ५४ च्या वर असेल तर ते चांगलं मानतात. हा आकडा काढण्याच्या रीती दोन. एक म्हणजे पडद्यावर दोन बाजूंनी कप्प्याची कड आखून मोजणं. दुसरी म्हणजे हलतं हृदय बघून नजरेने अंदाज बांधणं. मुरलेल्या डॉक्टरांची नजर पुष्कळदा अचूक असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अहवालावर नुसतं ‘५५ टक्के’ लिहिलं असेल तर तो मोजलेला की अंदाजाचा, हे कसं कळायचं? त्याच माणसाची तपासणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरने केली, तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. त्यामुळे ‘परभणीत ५५ होतं, नांदेडला ५० सांगितलं’ यावरून घरात जी घबराट उडते ती बहुतेक वेळा विनाकारण असते.

पंपिंग चांगलं आहे म्हणून हृदय चांगलं आहे असं मानणं मात्र धोक्याचं. विहिरीवरची मोटार ठणठणीत फिरतेय, पण खाली फूटव्हॉल्व्हच अडकलाय, तर पाटात पाणी येणार कुठून? मायट्रल स्टेनोसिसमध्ये नेमकं हेच होतं. डाव्या कप्प्यात रक्त आणणारी झडप जाड होते, अरुंद होते. कप्पा बिचारा जेवढं येईल तेवढं नीट ढकलतो, त्यामुळे पंपिंग साठ टक्के आणि बाईला जिना चढवत नाही. हा आजार आपल्याकडे बायकांमध्ये जास्त. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, आणि तोवर कसंबसं निभावलेलं हृदय सहाव्या-सातव्या महिन्यात दम टाकतं. घरचे म्हणतात, रक्त कमी आहे. दवाखान्यातूनही लोहाच्या गोळ्या मिळतात. अशा बाईच्या अहवालात पंपिंगच्या खाली झडपेचं क्षेत्रफळ आणि झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक लिहिलेला आहे का, ते आधी बघावं.

गंमत अशी की या तपासणीचा जन्मच मायट्रल झडपेपायी झाला. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेपूर्वी या झडपेची अवस्था कळून घ्यायची होती. त्यांना साथ मिळाली हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाची. माल्मोच्या जहाज कारखान्यात जोडकामातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. हर्ट्झनी ते स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. पुढे तसलंच यंत्र उसनं मिळवून दोघांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाची पहिली नोंद घेतली. आज युरोपातल्या श्रीमंत देशांत तरुण माणसांत ही अरुंद झडप जवळपास दिसेनाशी झाली आहे. मराठवाड्यात ती अजून घरोघर सापडेल असं नाही, पण दवाखान्यात रोजची आहे.

दुसरी बातमी उंची-वजनाची. वरवर किरकोळ, पण मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीच्या पुढाकाराने अनेक देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि पंधरा देशांतल्या सुमारे दोन हजार निरोगी माणसांची हृदयं एकाच पद्धतीने मोजली गेली. भारतही त्यात होता. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, त्यात भारतीयांचा डावा कप्पा लहानांत लहान निघाला. आता हे व्यवहारात आणून बघा. महाधमनीची झडप गळत असेल तर शस्त्रक्रिया कधी करायची? आकुंचन पावलेल्या डाव्या कप्प्याचा व्यास ५० मिलीमीटरच्या वर गेला की, असं युरोपच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लहान चणीच्या माणसासाठी त्याच सूचनांत दुसरी मर्यादा आहे, शरीराच्या दर चौरस मीटरमागे २५ मिलीमीटर. पाच फुटांच्या आतली, ४२ किलो वजनाची बाई घ्या. तिच्या शरीराचं क्षेत्रफळ साधारण १.३ चौरस मीटर भरतं. म्हणजे तिची मर्यादा ५० नाही, ३३ च्या आसपास. तिच्या अहवालावर ४० हा आकडा असेल आणि उंची-वजनाचा रकाना कोरा असेल, तर तो वाचणारा पुढचा डॉक्टर ‘अजून वेळ आहे’ म्हणून तिला सहा महिन्यांनी बोलावू शकतो. एक वजनकाटा आणि भिंतीवरची एक पट्टी, यात नाही म्हणण्यासारखा खर्च कुठला आहे?

आता मुलांकडे वळू, कारण झडपेचं दुखणं सुरू होतं ते शाळेच्या वयात. घसा दुखतो, ताप येतो, आठ-पंधरा दिवसांनी आज हा सांधा तर उद्या तो सांधा धरतो आणि मग सगळं शांत होतं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटलेलं असतं. ते कळतं दहा-वीस वर्षांनी. स्टेथोस्कोपने यातलं फार थोडं हाती लागतं. हरियाणात बल्लभगडच्या शाळांमध्ये एम्सच्या डॉ. अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर मुलं तपासली. नुसत्या तपासणीत हजारी एकसुद्धा मूल भरेना, इकोत मात्र हजारी वीस मुलांच्या झडपांवर खुणा दिसल्या. त्या खुणांचं करायचं काय, यावर बरीच वर्षं वाद होता. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीने त्याचं उत्तर दिलं. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालेल्या मुलांत दोन वर्षांत ०.८ टक्क्यांचा आजार वाढला, न मिळालेल्यांत ८.२ टक्क्यांचा. त्यानंतर २०२३ मध्ये वर्ल्ड हार्ट फेडरेशनने इकोचे आपले निकष सुधारले आणि शाळेतल्या चाळणीसाठी सोपे निकष वेगळे काढले, म्हणजे तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसालाही हातात मावणाऱ्या यंत्रावर पहिली पाहणी करता यावी.

आपल्याकडे या कामाचा सांगाडा तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. शंका आली की मूल जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं, तिथे मोठ्या शहरातले बालहृदयरोगतज्ज्ञ येऊन इकोचं शिबिर घेतात आणि मग शस्त्रक्रिया. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या कित्येक लेकरांचा जीव या वाटेने वाचला आहे, ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण शिबिराची तारीख शिबिर घेणाऱ्याच्या सोयीची असते. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पथक शाळेत येतं तेव्हा पोर कारखान्याच्या तळावर कोपीत असतं. आणि एकदा निदान झालं की दर २१ दिवसांनी पेनिसिलिन, वर्षानुवर्षं. ते इंजेक्शन फडात कोण देणार? या मुलांच्या हाती निदानाचं आणि इंजेक्शनच्या तारखांचं कार्ड असलं पाहिजे, आणि ते कुठल्याही जिल्ह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चाललं पाहिजे.

शिबिराचा विक्रम हवाच असेल तर तोही आहे. २०१२ च्या जानेवारीत हरियाणात सिरसा इथल्या मेळाव्यात अमेरिकन सोसायटीच्या प्रकल्पातून दोन दिवसांत १,०२३ जणांची इको झाली आणि जगभरातल्या ७५ डॉक्टरांनी ती इंटरनेटवरून वाचली. डोळे दिपवणारं काम. तरी मला त्याच संघटनेचा बंगळुरूचा अभ्यास जास्त पटतो. तो श्री सत्यसाई रुग्णालयात, रोजच्या ओपीडीत झाला. बाह्यरुग्ण विभागातच लहान यंत्रांनी तपासणी केल्यावर झडपेच्या उपचारापर्यंत पोचायला सरासरी ८३ दिवस लागले, नेहमीच्या पद्धतीने १८० दिवस. इथे मेळावा भरला नव्हता, फलक लागले नव्हते, यंत्र फक्त पेशंटजवळ आलं होतं.

यावर परभणीतले डॉक्टर लगेच पीसीपीएनडीटीकडे बोट दाखवतील, आणि त्यांचंही खरं आहे. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत इकोचं यंत्रही येतं. नोंदणी हवी, जागा ठरलेली हवी, यंत्र उचलून वाडीवस्तीवर नेता येत नाही. ही कडक शिस्त उगाच आलेली नाही. परळी गंगाखेडहून रेल्वेने जवळच आहे, आणि २०१२ मध्ये तिथे उघडकीस आलेलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण इथे कुणी विसरलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. तेव्हा कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर विरोध करीन. पण त्याच नियमांत फिरत्या वैद्यकीय पथकासाठी नोंदणीकृत यंत्राची तरतूद आहे. ती वापरायला शासनाला कुणी अडवलेलं नाही.

अडचण माणसांची आहे. जिल्ह्यात बहुतेक इको एमडी फिजिशियन करतात, तेही ओपीडी आणि वॉर्डाच्या धावपळीत. अमेरिकेत चित्रं काढणारा सोनोग्राफर हा वेगळा शिकलेला पेशा आहे, डॉक्टर नंतर ती चित्रं वाचतो. आपल्याकडेही २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात इको तंत्रज्ञाचं नाव अनुसूचीत आलं, पण प्रोब त्याने धरायचा की फक्त डॉक्टरने, याबद्दल एकवाक्यता नाही. अकॅडमीने इथे हात घालावा. मोठ्या शहरांतल्या पंचतारांकित हॉटेलांतली अधिवेशनं होत राहोत. वर्षातून एक कार्यशाळा परभणीत, एक हिंगोलीत, एक उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात घेतली, तर दहा-वीस फिजिशियन निकषांप्रमाणे अहवाल लिहू लागतील.

परभणीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी इथली माणसं रस्त्यावर उतरली होती. २०२३ पासून तिथे एमबीबीएसचे प्रवेश सुरू झाले. अधिष्ठात्यांकडे आता एकच मागणी करायला हवी : आठवड्यातला एक वार मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या इकोसाठी कायमचा ठरवा, त्याचा फलक नऊही तालुक्यांतल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत लावा आणि आशाताईंना तो वार पाठ करायला सांगा. चित्रं वाचायला बालहृदयरोगतज्ज्ञ इथे बसलेला असण्याची गरज नाही, ती मुंबईत बसूनही वाचता येतात.

वाचकांनी आपल्यापुरतं लगेच करावं असं थोडं आहे. तपासणीनंतर हलत्या चित्रांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर मागून घ्या, म्हणजे नांदेड-संभाजीनगरला गेल्यावर परत पैसे भरायची वेळ कदाचित येणार नाही. जुने अहवाल फेकू नका, कारण एका आकड्यापेक्षा तीन वर्षांतले तीन आकडे डॉक्टरला जास्त सांगतात. पंपिंग मोजलं की अंदाजाने सांगितलं, झडपा कशा आहेत, हे नम्रपणे विचारा. आणि उंची, वजन, रक्तदाब हे रकाने कोरे असतील तर अहवाल घेऊन बाहेर पडू नका. काउंटरवरच थांबा आणि ते भरून मागा.